भाचीच्या खुर्चीचा पट्टा

हे मी आजपातूर कुनालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, दोस्ताला न्हाई, देवाला न्हाई — देवाला तर मुद्दाम न्हाई, कारन त्येच्याच वाटंवर हे घडलं. मंग तुमालाच का सांगतोय? तुमी माझ्या गावचं न्हाई म्हनून. उद्या सकाळी दुधाच्या डेअरीवर तुमी माझ्याकडं बघनार न्हाई म्हनून. बघा — सुरुवातच भित्रेपनानं झाली.

पहिली माझी वळख करून देतो. नाव पोपट. राहुरीपासनं आत, कालव्याच्या कडंला आमचं गाव. साळंच्या हजेरीत माझं नाव हुतं आन् मी कालव्यात. त्यामुळं ल्हेनं-वाचनं जमलं न्हाई. आत्ताबी मी नुसता बोलतोय, मोबाईल ल्हेतोय. त्यानं काय चुकीचं ल्हेलं तर त्येची चूक. पन पुढं जे येनार हाय त्यातली सगळी माझी.

धंदा डायवरचा. आधी काळी-पिवळी जीप हुती, राहुरी ते नगर. माझ्या जीपमधी सीटवर मान्सं कमी आन् मान्सांवर मान्सं जास्त बसायची. कुनी म्हनलं, "आरं जागा कुठाय?" की मी म्हनायचो, "मामा, जागा मनात असती, तुमी आत या." हसायचं लोक. हसत हसत कोंबून घ्यायचं एकमेकाला. हसवलं की मान्सू काय बी सोसतो, हे मी लवकर शिकलो. तेवढंच शिकलो.

आन् एक कला हाय माझ्याकडं — तोंडानं आवाज काढायचा. कोंबडा, बोकड, एसटीचा हारन, कुकरची शिट्टी. लग्नात मांडवामागं जाऊन शिट्टी काढली की आचारी पळत भातापाशी. एकदा तर मयतीला मोबाईल वाजवला तोंडानं, सगळी खांदेकरी खिसं चाचपाय लागली. मयताचा पोरगासुदिक हसला. तुमी म्हनाल, हे काय सांगतोय हा? सांगतोय ते उगाच न्हाई. जरा धीर धरा — न्हाईतर असं म्हनतो, धीर मलाच धरू द्या.

जीप विकली आन् जुनी कार घेतली, भाड्याच्या फेऱ्या माराय. दोघांनी वापरून सोडलेली हुती, पन मला नवऱ्या मुलीवानी वाटायची. म्हनून नगरजवळ नागापूरला नेऊन सीटला नवीन कव्हरं चढवली. लाल-काळं रेक्झीन, मधी टाकं. कव्हर घालनारा मला म्हनला, "मागची बकलं भाईर काढू का आत दाबू?"

बकल म्हंजे पट्ट्याचं लोखंडी टोक ज्यात जाऊन अडकतं ती खोबन. भाईर ऱ्हायली की मधल्या मान्साच्या बुडाला टोचती. आमच्याकडं कव्हर घालनारा हे इचारतोच, आन् गिऱ्हाईक एकच उत्तर देतं. मीबी दिलं. "दाब आत. मागं कोन पट्टा लावतंय?" त्यानं दाबली. वरनं रेक्झीन तानून शिवून टाकलं. सीट कशी, नव्या गादीवानी सपाट. पुढच्या पट्ट्याची टिवटिव हुती, ती बंद कराय एक खोटी क्लिप खोचली. गाडी गपगार. मी खूश.

आता वर्षाचं सांगतो. माझी धाकटी बहीन. आमची आई लवकर गेली, तवा तिची येनी मी घालायचो. वाकडी यायची, ती रडायची, मग मी बकरी वरडायचो आन् ती हसायची. नागापूरला दिली तिला. दाजी तिथं कंपनीत मशीनवर हाईत. लई जपून वागनारा मानूस. मोटारसायकलवर बसल्यावर हेल्मेटचा हनवटीखालचा पट्टा दोनदा ओढून बघतो. मी त्येच्यावर लई हसायचो. "दाजी, डोकं हाय का हंडा? एवढं काय बांधताय?" त्यो नुसता गालात हसायचा. त्येला माझा राग कवा आला न्हाई. यायला पायजे हुता.

त्यांची पोरगी आरू. वरीस सरत आलं तवा जावळ काढायचं ठरलं. दाजीचं कुळदैवत खर्ड्याच्या पलीकडं. आन् जावळ म्हनलं की मामा आलाच. लेकरू मामाच्या मांडीवर बसतं, तवाच न्हावी वस्तरा लावतो. त्या दिवशी मामा म्हंजे राजा. कापडं मी घेतली, पोरीला चांदीचं वाळं घेतलं, गाडी धुवून घेतली, कव्हरावर हात फिरवून बघितला.

त्या दिवशी पहाटंच दाजी टेंपोत बसून पुढं गेल्ते. आचारी, भांडी, बोकड, भावकी, सगळं त्या टेंपोत. मी नागापूरला घरी जाऊन वर्षाला, आरूला आन् दाजीच्या आईला घेऊन यायचं आसं ठरलं. त्या माउलीला मी मावशी म्हनतो. आन् दारात गेलो तर काय — ओट्यावर एक खुर्ची. लेकरांची, गाडीत बसवायची. दाजीच्या सायबाचं पोरगं मोठं झालं म्हनून त्यांनी ती दाजीला दिल्ती. मी असली खुर्ची पहिल्यांदाच बघत हुतो. ही एवढी मोठी, कानाला उशा, खांद्याला पट्टं.

मी काय गप बसतो? म्हनलो, "वर्षे, ही खुर्ची हाय का सिंव्हासन? पोरगी सरपंचकीला उभी हाय का?"

मावशी तोंडाला पदर लावून हसली. शेजारच्या दोघी-तिघी निरोप द्याय आल्या हुत्या, त्याबी हसल्या. मग मी काय थांबतोय? म्हनलो, "मामाची मांडी असताना खुर्ची कशाला? मामाला भाडं पडतंय का मांडीचं?" आजून हसल्या.

तेवढ्यात दाजीचा फोन आला टेंपोतनं. मागं बोकड वरडतंय, आन् दाजी मला सावकाश समजावून सांगत्यात. "पोपटराव, नीट ऐका. खुर्ची मागच्या सीटवर ठेवा. तोंड मागं करायचं. पोरगी लहान हाय, मान कवळी असती, बिरीक लागला तर पाठीला आधार पायजे. गाडीचा पट्टा खुर्चीच्या खाचंतनं घाला, बकलात लावा. मग गुडघा देऊन दाबा आन् पट्टा ओढा. शेवटी खुर्ची धरून हलवा. बोटभर हलली तर ठीक, त्येच्या वर न्हाई."

समजलं का मला? सगळं समजलं. तुमी म्हनाल, अडानी हाय, त्येला काय कळनार — तसं नका म्हनू. त्या आडोशाला मी जानार न्हाई. दाजींनी आसं सांगितलं हुतं की बोकडालाबी कळलं असतं.

खुर्ची आत ठेवली. तोंड मागं केलं तर मावशी म्हनली, "अगं बाई, पोरीनं काय गाडीच्या पाठीकडं बघत जायचं?" मी म्हनलो, "बरोबर हाय मावशी, ती काय रुसल्याली हाय का?" आन् फिरवली पुढं. ही पहिली चूक. हसून केली.

मग पट्टा ओढला. खाचंतनं घातला. आन् बकल हुडकाय लागलो.

तवा ध्यानात आलं.

बकल रेक्झीनखाली. मी हात फिरवला — कातड्याखाली गाठ लागावी तशी ती हाताला लागत हुती. हाय तिथंच हाय. पन वरनं शिवन पक्की. सीटच्या फटीतनं बोटं घातली, नखं मोडली. कव्हर मागनं सोडवायचं तर सगळी सीट उचकटावी लागनार. न्हाईतर ब्लेडनं चिरायचं. डिकीत नारळाला घेतलेली सुरी हुती. एक चिरा दिला असता की बकल भाईर. किती येळ लागनार हुता? हारन वाजवाय लागतो तेवढा.

मग का न्हाई चिरलं?

नवीन कव्हर हुतं म्हनून. शेजारनी बघत हुत्या म्हनून. आत्ताच एवढं हसवलं, आन् आता म्हनायचं की पोपटच्या गाडीत पट्टाच लागत न्हाई? बहिनीच्या सासूपुढं? मावशी भाईरनं म्हनत हुती, "पाव्हनं, झालं का? ऊन वर आलं." घामानं माझी पाठ भिजलेली. आन् वर्षा दारातनं वाकून म्हनली, "दादा, लागला का रं पट्टा?"

मी तिच्याकडं पाठ करून वाकल्यालो हुतो. पट्ट्याचं टोक सीटच्या फटीत खोचलं, खोल, दिसू नये आसं. आन् जीभ टाळूला लावून आवाज काढला. टक्.

कार्खान्यातनं नवीन निघाल्यावानी टक्. आसा काढला की लोखंडबी फसलं असतं.

"लागला," मी म्हनलो.

वर्षानं आरूला खुर्चीत बसवलं. खुर्चीला लेकराचे आपले येगळे पट्टे असत्यात, खांद्यावरनं आन् पायातनं, ते तिनं लावले. नीट लावले. ओढून बघितले, ढिले न्हाईत ना म्हनून बोटाची चिमट मारून बघितली. नवऱ्यानं शिकवलं तसं. तिचं सगळं बरोबर हुतं. पोरगी खुर्चीला बांधलेली हुती, आन् खुर्ची कशालाच बांधलेली न्हवती.

आन् निघालो आमी.

तुमी कवा खोटं बोलून गाडी चालवली का? मी नगरमधनं भाईर पडलो आन् माझी नजर आरशातनं हटंना. आरशात आरू. लाल झबलं, दोन दात, मुठीत बिस्किट. खड्डा आला की माझा पाय आपसूक बिरीकवर. मी एवढी सावकाश चालवत हुतो की मावशी म्हनली, "पाव्हनं, बैल बरा." मी हसलो. बैलाचा आवाजबी काढला.

मी मनाला सांगत हुतो — आजवर किती लेकरं नेली मांडीवर, टपावर, काय झालं का? मांडीवरल्या लेकराला तरी कुठं पट्टा असतो? पन मग मला दुसरंच वाटायचं. मांडीवर असतं तर वर्षानं दोनी हातानं धरलं असतं. आता ती निवांत हुती. टक् ऐकलं हुतं ना तिनं. खिडकीतनं भाईर बघत हुती, केस वाऱ्यावर सोडून. तिला निवांत मी केलं हुतं.

वाटंत चहाला थांबलो. टपरीच्या मागं बाभळ हुती, गाडी मी तिथं लावली. वर्षानं आरूला काढलं, अंगावर पाजलं. मावशी तंबाखू मळत लांब बसली. आता सांगायचं, मी ठरवलं. वर्षाला बाजूला घेऊन म्हनायचं, आगं चूक झाली, सुरी दे, चिरतो. दोन पावलं गेलोबी. ती वर बघून म्हनली, "दादा, आज तू किती दिसानं दमानं चालवतोस. आई असती तर बरं वाटलं असतं तिला."

आन् मी काय केलं? म्हनलो, "भाडं न्हाई ना, म्हनून डिझेल वाचवतोय." हसली ती. मी चहा घेतला. सांगायचं ऱ्हायलं न्हाई — मी ठेवलं.

तिनं पोरीला परत बसवलं. गाडी निघाली. जरा पुढं गेल्यावर ती म्हनली, "दादा, खुर्ची जरा हलती वाटतं."

"खुर्ची न्हाई, रस्ता हलतोय," मी म्हनलो.

मावशी हसली. वर्षाबी हसली. हे शेवटचं हसनं त्या दिवसातलं.

पुढं बाजूच्या वाटनं एक मोटारसायकल एकदम आडवी आली. मागं घासाचं भारं बांधलेलं, त्यामुळं त्या बाबाला इकडचं काय दिसलं न्हाई. मी बिरीक दाबला. पायानं जेवढा दाबता येतो तेवढा. गाडी थांबली. मोटारसायकलीला साधा ओरखडा न्हाई. त्यो मानूस घासासकट निघून गेला, त्येला कळलंबी न्हाई त्यानं काय केलं — न्हाई, त्यानं काय केलंच न्हाई.

माझी छाती स्टेरिंगला आपटली. आन् माझ्या कोपराजवळनं खुर्ची आली. पोरीसकट. दोन सीटांच्या मधनं उलटी होऊन गेरवर आदळली. पोरगी खुर्चीत तशीच बांधलेली, डोकं खाली, हात खुर्चीच्या खाली दुमडलेला. आवाज न्हाई. कायच आवाज न्हाई. मला वाटलं —

मग ती रडली. तसं रडनं मी परत ऐकलं न्हाई आन् ऐकायचं न्हाई. पन त्या आधी जो गप येळ गेला, त्यो माझा आजून सरला न्हाई.

जामखेडला दवाखान्यात नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं हुतं, कपाळ फुटलं हुतं. डागदर म्हनले, जीवाला धोका न्हाई. वर्षा भिताडाला टेकून खाली बसली हुती, तिच्या कापडांवर पोरीचं रगात. मावशी देवाचं नाव घेत हुती. दाजी खर्ड्याहून निघाले हुते, येतच हुते.

आन् मी कुठं गेलो म्हाईत हाय का? गाडीपाशी.

आता जे सांगतो ते ऐका, कारन खरी गोष्ट हीच हाय. खोचलेला पट्टा, तोंडाची टक् — ती म्हना मूर्खाची थट्टा. पन ह्याला थट्टा म्हनू नका. मी डिकीतनं सुरी काढली. मागच्या सीटवर गुडघ्यावर बसलो. ज्या नव्या कव्हराला सकाळी चिरा द्याय माझा हात धजला न्हाई, ते मी चिरलं. सरळ, शिवनीशिवनीनं, म्हंजे मुद्दाम चिरलंय आसं वाटू नये. बकल भाईर काढली. धूळ पुसली. पट्ट्याचं टोक तिच्या शेजारी ठेवलं, जसं काय ते तिच्यातनंच सुटलंय. सुरी नारळाच्या पिशवीत परत ठेवली. हात थरथरत न्हवतं. याचंच मला जास्त भ्या वाटतं.

पोरगी आत वरडत हुती तवा मी हे करत हुतो.

दाजी आले. पोरीला बघितलं, डागदराशी बोलले. मग गाडीपाशी आले. वर्षाबी मागं मागं आली. दाजीनं पट्टा उचलला, बकलात घातला, ओढला. सुटला न्हाई. बटन दाबलं, सुटला. परत घातला, परत ओढला. मशीनवरचा मानूस त्यो. म्हनला, "बकल तर चांगली हाय. मग सुटला कसा?"

माझ्या तोंडात जीभ हुती. हुती ना? सकाळी तर हुती.

वर्षाच बोलली. "दादानं लावला हुता. टक् वाजलेलं मी ऐकलं. माझ्यासमोर लावला." आन् मी बघितलं, तिच्या डोळ्यात काय तरी शिरत हुतं. "चहाला पोरीला काढलं ना मी... तवाच माझ्या हातानं बटन दाबलं असनार. मला खुर्ची हललेली कळली हुती. कळली हुती मला, आन् मी बघितलं न्हाई."

दाजी माझ्याकडं बघाय लागले. रागानं न्हाई. नुसतं इचारल्यावानी.

मी गप ऱ्हायलो असतो तरी भित्रा झालो असतो. पन मी गप न्हाई ऱ्हायलो. मी म्हनलो, "बटन जरा हलकंच हाय, दाजी. कोपर लागलं तरी सुटतं."

झालं. मी माझ्या बहिनीच्या हातात ते ठेवलं, आन् तिनं घेतलं. सवय हुती तिला, माझ्याकडनं काय बी घ्यायची.

जावळ पुढं काढलं, पोरीचा हात गळ्यात बांधलेला असतानाच. देवाला बोललेलं असतं ना. मांडी माझीच. न्हावी वस्तरा पान्यात बुडवत हुता आन् आरू माझ्या छातीला चिकटून वरडत हुती. भावकी म्हनत हुती, "पोपट, बकरी वरड की, हसव की तिला." वरडलो. आन् ती गप झाली हो. माझ्या तोंडाकडं बघून हसली, कपाळावरला टाका तानला गेला. पलीकडं वर्षा उभी हुती, पोरीला हात लावायच्या ऐवजी दोनी हात पदरात गुंडाळून.

तवापासनं ती तशीच. मावशी वाईट न्हाई, पन जुनी बाई, बोलून जाती. पाव्हन्यात कुनी इचारलं, पोरीच्या हाताला काय झालं, की म्हनायची, "आईच्याच हातनं झालं बाई, काय करता." आरूचा हात वर जातो, पन पुरा न्हाई. केसाला लागत न्हाई. येनी दुसऱ्यानं घालावी लागती. दाजीनं कवा शब्दानं दुखवलं न्हाई वर्षाला. पन गाडीत बसायचं म्हनलं की पोरीला ते स्वता बसवत्यात. कार चालवाय शिकायची मोठी हौस हुती वर्षाला, मीच शिकवनार हुतो. त्येचं नाव काढलं न्हाई तिनं परत. शेजारच्यांनी लेकरू घे म्हनलं तर म्हनती, "नको, माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

माझ्या हाताचा सगळ्यांना हाय. मी आता लई जपून वागतो. गाडीत मागची बकलं भाईर काढली, सगळी. बसनाऱ्याला टोचली तर म्हनतो, टोचू द्या. पट्टा लावल्याबिगर गाडी हलवत न्हाई. लोक म्हनत्यात, पोपट सुधारला, त्या दिवसाचा धसका घेतला बिचाऱ्यानं. बिचारा! भाची पडली म्हनून मामाला केवढं लागलं, आसं म्हनत्यात. मी ते ऐकून घेतो. गोड लागतं का कडू? खरं सांगू? कधी कधी गोड लागतं.

सांगायचं आलं न्हाई आसं न्हाई. लई येळा आलं. पन दरवर्षी ते जास्त जड होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक खोटं हुतं. आता ते नुसतं खोटं न्हाई ऱ्हायलं. आता वर्षाचं जगनंच त्येच्यावर उभं हाय. हे बी मी सबब म्हनून सांगत न्हाई. सबबी मी सगळ्या करून बघितल्या, एकीतबी दम न्हाई. मला भ्या वाटतं की ती मला दादा म्हनायची बंद होईल. एवढंच हाय. तिनं स्वताला काय म्हनावं, त्यापेक्षा तिनं मला काय म्हनावं हे मला मोठं वाटलं.

आता परवाचं. वर्षाला दुसरं लेकरू झालंय, मुलगा. दाजीनं स्वताची गाडी घेतली, लेकरासाठी नवी खुर्ची घेतली. चार दिस माहेरपनाला आनायचं म्हनून मी न्यायला गेल्तो. दाजीची पाळी हुती कंपनीत, म्हनून गाडी माझ्या हवाली करून ते निघून गेले. खुर्ची मीच बसवली. तोंड मागं. गुडघा दिला, पट्टा ओढला, हलवून बघितली. बोटभरबी हलली न्हाई.

वर्षा बाळाला घेऊन आली. त्येला खुर्चीत ठेवलं, आन् त्येचे खांद्याचे पट्टे लावाय म्हनून तिचा हात पुढं गेला. इतक्या दिसांत पहिल्यांदा. मी बघितलं. मला वाटलं, लाव बाई, लाव.

आरू शेजारी उभी हुती, साळंचं दप्तर पाठीला. रागानं न्हाई, चिडवून न्हाई, आपलं सहज, पावसापान्याचं सांगावं तसं म्हनली, "आई, तू नको ना लावू. बाळ पडंल. मामा लावंल."

वर्षानं हात मागं घेतले. हसलीबी जराशी. "व्हय गं," म्हनली, "तूच लाव रं दादा. तू हाईस म्हनून बरं हाय."

त्या हातांनी कायच केलेलं न्हवतं. कवाच न्हाई. हे त्या गाडीपाशी एकट्या मलाच ठावं हुतं.

मी वाकलो. बाळाचे पट्टे लावले, बोटानं चिमटून बघितले. मायलेकी बसल्या. मी दार लावून घेतलं, आन् गाडी चालू केली.